रेल्डा मॅडसनच्या सुखासाठी उपास

नॉर्डल गावात दुःखी असण्याची कोणाला सवड नसे, आणि एखाद्याने ती काढलीच, तर त्याची वार्ता सूर्यास्ताच्या आत बिशपच्या कानावर जाई. रेल्डा मॅडसन त्रेपन्न वर्षांची झाली त्या हिवाळ्यात तिच्याबद्दलची ही वार्ता किमान चार तोंडांतून फिरून बिशपपर्यंत पोहोचली होती. गावच्या हायस्कुलात ती एकोणतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवत होती. एकटी राहत होती. दर रविवारी चर्चघरात डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसत होती, आणि सगळे गीत गात असताना तोंड उघडत नव्हती. ही शेवटची गोष्ट दोन बाक पुढे बसणाऱ्या बाईने मान मागे वळवून तपासली होती. म्हणजे गीत म्हणताना तिचेही लक्ष देवाकडे नव्हतेच.

रेल्डाचा वाद देवाशी नव्हता. तिच्या पणजीची आई डेन्मार्कहून निघून, हातगाडी ओढत, डोंगर ओलांडून युटातल्या या खोऱ्यात आली होती आणि वाटेत दोन मुले पुरून आली होती. अशा घराण्यात श्रद्धा ही घराच्या पायऱ्यांसारखी असते; ती चढताना कोणी मोजत नाही. रेल्डाला सहन होत नव्हती ती सुखाची सक्ती. माणूस आनंदासाठी जन्मला आहे, असे तिच्या धर्माने तिला पाळण्यात सांगितले होते. सांगायला हरकत नव्हती. पण ज्या धर्मात आनंद हे कर्तव्य असते, त्यात दुःखी माणूस कामचुकार ठरतो. चर्चघराच्या दारात दर खेपेस नवा पांढराशुभ्र दात आल्यासारखे हसणाऱ्या, वॉर्डातल्या म्हणजे गावच्या चर्चमंडळीतल्या, त्या दीडशे माणसांत आपण कामचुकार आहोत, हे रेल्डाला दर रविवारी जाणवत असे.

त्यातून ती अविवाहित. या लोकांत लग्न हे स्वर्गाच्या वरच्या मजल्याचे प्रवेशपत्र असते. तिच्या तिशीत तिला सांगण्यात आले की नवरा भेटेल. चाळिशीत सांगण्यात आले की धीर धर. पन्नाशीनंतर सगळ्यांनी एकमताने तो विषय परलोकात ढकलला: तिथे तुझी सोय होईल. कोणाशी होईल, हे कोणी सांगत नसे. इथे ज्याला कोणी पत्करले नाही असाच कोणीतरी तिथे शिल्लक असणार, एवढे गणित रेल्डाला येत होते.

जानेवारीतल्या एका रविवारी बिशपने तिला आपल्या खोलीत बोलावले. या धर्मात पगारी पाद्री नसतात. ज्याची नेमणूक होते तो पाचेक वर्षे आपला धंदा सांभाळून गावाचे आत्मे सांभाळतो. हा बिशप, ब्रॅड लार्सन, आठवडाभर शेतीचे पाइप आणि तुषारसिंचनाची चाके विकत असे. रविवारी तो टाय बांधे आणि लोकांची पापे ऐके. रसायनशास्त्रात रेल्डाने त्याला दोनदा नापास केले होते, आणि दोन्ही वेळा तो न्याय होता.

"सिस्टर मॅडसन, कशा आहात?" टेबलावरचे कागद सारखे करीत त्याने विचारले. चर्चमधल्या प्रत्येक बाईला तिथे 'सिस्टर' म्हणत.

"चर्च सोडावं म्हणते आहे."

मूलद्रव्यांचा तक्ता पुढे ठेवल्यावर तो बसायचा तसाच बसून राहिला.

"कोणी काही बोललं का?"

"सगळेच बोलतात. त्याचं काही नाही."

"मग..." त्याने आवाज खाली आणला. "काही पाप वगैरे?"

"ब्रॅड, माझं वय बघ आणि हे गाव बघ. संधी कुठंय?" ती म्हणाली, आणि मग आपण कुठे बसलो आहोत हे आठवून तिने सुधारले, "बिशप, मी इथं सुखी नाही. एवढंच."

"कधीपासून?"

"तुम्ही दुसऱ्यांदा नापास झालात, त्याच्या आधीपासून."

तो मोकळेपणाने हसला. त्याच्या हसण्यात खोट नव्हती, हे रेल्डाने मनातल्या मनात त्याला एक गुण देऊन मान्य केले. पुढच्याच वाक्यात तो गुण कापावा लागला.

"मी तुमच्यासाठी प्रार्थना केली होती," तो म्हणाला. "उत्तर आलं. माणूस सेवेत रमला की स्वतःचं विसरतो बघा. बालवर्गात बाई हवी आहे. दीड ते तीन वर्षांची मुलं. रविवारी दोन तास."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! या लोकांना माणसाच्या दुःखावर दुसरा इलाज ठाऊक नव्हता. विधवा रडू लागली की तिला गायनमंडळात घालायचे. कोणाची श्रद्धा डळमळली की त्याला खुर्च्या मांडण्याच्या समितीवर घ्यायचे. खुर्च्या तेवढ्या वेळेवर मांडल्या जात. रेल्डा उठून निघून जाऊ शकली असती. पण पाच पिढ्यांत तिच्या घराण्यात कोणी नेमणूक नाकारलेली नव्हती, आणि 'नाही' हा शब्द ती त्रेपन्न वर्षांत फक्त विद्यार्थ्यांशी वापरायला शिकली होती. ती "बरं" म्हणाली, आणि घरी जाताना वाटभर स्वतःला बिशपपेक्षा मूर्ख म्हणत राहिली.

गावात ज्या एका माणसाजवळ रेल्डा खरे बोलत असे ते माणूस अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. आर्विला ओल्डरॉइडने चाळीस वर्षे मंदिराची पांढरी वस्त्रे शिवली होती, आणि तितकीच वर्षे गावातल्या मेलेल्या बायकांना ती नेसवली होती. मंदिर म्हणजे चर्चघराहून वेगळी, दीक्षेची पवित्र वास्तू; तिथे दीक्षा घेतलेली बाई मेली, की तिला त्याच वस्त्रांत पुरायचे. आणि नेसवायची ती दीक्षा घेतलेल्या, चर्चच्या नोंदीत नाव असलेल्या बाईनेच. एकोणीस वर्षांपूर्वी आर्विलाने रेल्डाला या कामासाठी हाताशी धरले. "तू काचेच्या नळ्या हाताळतेस, म्हणजे तुला हात आवरता येतात," एवढीच तिची परीक्षा होती. तेव्हापासून दोघींनी मिळून गावातल्या त्रेचाळीस बायका शेवटच्या सजवल्या होत्या. त्या खोलीत काय नेसवतात आणि कसे, हे बाहेर बोलायचे नसते, आणि रेल्डाने ते कधी कोणाला सांगितले नाही.

आर्विलाचे दोन नियम मात्र वस्त्रांचे नव्हते, आर्विलाचेच होते. आधी आपले हात गरम पाण्यात धरायचे. "मेलेल्याला गार लागत नाही, म्हणून काय गार हात लावायचे?" आणि नेसवताना तिच्याशी बोलायचे. आता डावा हात, सिस्टर जेन्सन. आता थोडी मान. चर्चघरातल्या सगळ्या प्रवचनांपेक्षा रेल्डाला या दोन नियमांत धर्म अधिक दिसत असे.

त्या बुधवारी आर्विलाच्या स्वयंपाकघरात, वाफाळत्या कोकोचा पेला पुढे असताना, रेल्डाने आपला विचार सांगितला.

"कधी सोडतेस?" आर्विलाने विचारले.

"अजून ठरलं नाही."

"मग मी मेल्यावर सोड."

"त्याला किती दिवस?"

"तुला घाई आहे का पोरी?"

"बालवर्ग दिलाय त्यांनी मला."

"अरे देवा. मग असू दे घाई." आर्विलाने पेला खाली ठेवला. "पण मला तू नेसव. ती ट्विला क्रिस्टेन्सन नको. गेल्या वर्षी तिनं त्या रूबीच्या कमरेची गाठ बांधली होती ना, मी पाहिली. भट्टीत घालायच्या टर्की कोंबडीचे पाय बांधतात तशी बांधली होती. मला पुनरुत्थानापर्यंत उताणं झोपायचंय. एवढा काळ गाठ टोचत राहिली तर मी उठेन तेव्हा कोणाशी धड बोलणार नाही."

"तुम्ही आत्ता तरी कोणाशी धड बोलता?"

"म्हणूनच सांगते. वचन दे."

रेल्डाने वचन दिले.

वसंत गेला. रविवारी सकाळी अकरा मुले तिच्या अंगावर सोडली जात. ती खारी बिस्किटे वाटी, साबणाचे फुगे उडवी, नाके पुसे. मुलांवर तिचा राग नव्हता. त्या इमारतीत आनंदी नसताना रडण्याची परवानगी असलेली माणसे तेवढीच होती. राग होता तो दारातून डोकावणाऱ्या ट्विलावर. ट्विला क्रिस्टेन्सन ही महिला मंडळाची अध्यक्षा. वय एकेचाळीस, मुले सहा, आणि चेहरा असा की जणू आताच कोणीतरी तिला बक्षीस दिले आहे.

"किती शोभतंय तुला हे," ती म्हणायची.

"नाक पुसणं?"

"माझ्यापासून काही लपत नाही गं. तू उजळली आहेस."

दर पंधरा दिवसांनी ट्विला झुकिनीची भाजी किसून घातलेला गोड पाव घेऊन दारी येई. पावाच्या कागदावर हृदयाच्या आकाराची चिठ्ठी चिकटवलेली असे: आम्हाला तू आवडतेस. 'आम्ही' कोण, हे विचारण्याची सोय नव्हती. भेटीची तारीख नोंदवली जाते, हे रेल्डाला माहीत होते. ज्यांची श्रद्धा विझत चालली आहे अशांची एक यादी असते, आणि आपुलकी त्या यादीप्रमाणे वाटली जाते, हेही माहीत होते. ती पाव घेई, दार लावी आणि पाव अंगणातल्या पाखरांना घाली. पाखरेही अर्धा टाकून जात.

एप्रिलमध्ये तिने पत्र लिहिले. माझे नाव चर्चच्या नोंदीतून काढावे, कारण विचारू नये, समजावण्यास कोणास पाठवू नये. तीन ओळी. तो लिफाफा तिने पर्समध्ये ठेवला, आणि आर्विलाच्या वचनाखातर तो तिथेच राहिला.

ऑगस्टचा पहिला रविवार उजाडला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी या लोकांचा उपास असतो. दोन वेळचे जेवण आणि पाणीसुद्धा सोडायचे, आणि मग सभेत ज्याला वाटेल त्याने उठून साक्ष द्यायची. रेल्डा चर्चघरात शिरली तेव्हा टर्कीच्या शेडवाला म्हातारा थेन सोरेन्सन दारातच उभा होता. त्याच्या पोटातली गुरगुर दोन हातांवरून ऐकू येत होती.

"काय रेल्डा, आता कसं वाटतंय?" त्याने विचारले.

"कशाचं?"

"नाही, म्हटलं फरक पडला का. काल दुपारपासून घोटभर पाणी नाही प्यायलो. लसूणघासाचं पाणी धरायचं होतं रात्री, माझी पाळी होती, तरी नाही प्यायलो."

तो आपल्याच उपासाबद्दल बढाई मारतो आहे, असे समजून ती पुढे गेली आणि आर्विलाच्या शेजारी बसली. मुले त्या दिवशी दुसऱ्या बाईकडे होती, म्हणून ती सभेत होती. तिसऱ्या साक्षीला ट्विला उठली, व्यासपीठावर गेली, रुमाल बाहेर काढला, आणि रडण्याच्या आधी रडण्याबद्दल क्षमा मागितली.

"आपल्यात एक बहीण आहे," ती म्हणाली. "तिच्या मनात अंधार आहे. मी नाव घेत नाही."

दीडशे माना डावीकडच्या तिसऱ्या बाकाकडे वळल्या.

"तिनं आपली मुलं असल्यासारखं आपल्या मुलांना जपलं. म्हणून महिला मंडळानं ठरवलं, की या महिन्याचा उपास तिच्या सुखासाठी करायचा. अख्ख्या वॉर्डनं केला. माझा धाकटा पाच वर्षांचा आहे, त्यानंसुद्धा नाश्ता सोडला. आणि मला आतून जाणवतंय, की आज तिला सुख मिळेल."

रेल्डाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला कोणी विचारले नव्हते. एखादी सभा घेऊन, हात वर करून, फोनवर निरोप धाडून यांनी तिचे दुःख सार्वजनिक केले होते. आणि आता दीडशे रिकाम्या पोटांची माणसे तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती, की भाकरी फुगली का. पाच वर्षांच्या पोराला उपाशी ठेवण्याइतके ज्यांना तिचे सुख प्रिय होते, त्यांपैकी एकानेही तिच्या स्वयंपाकघरात बसून, न बोलता, एक पेला कोको प्यायला नव्हता. दुःखापेक्षा मोठा अपमान म्हणजे त्या दुःखावर सामुदायिक इलाज, आणि त्याहून मोठा म्हणजे इलाज लागू पडल्याचे दाखवण्याची अपेक्षा.

आर्विला तिच्या कानाशी झुकली.

"मी सकाळी दोन अंडी खाल्ली," ती पुटपुटली. "टोस्टही. लोणी लावून."

"का?"

"एवढी माणसं तुझ्यासाठी उपाशी राहिली. तुझ्या बाजूनं कोणीतरी जेवायला हवं होतं ना."

रेल्डाला हसू आले. आणि ते हसू व्यासपीठावरून ट्विलाने पाहिले. तिने डोळे मिटून, आकाशाकडे तोंड करून आभार मानले. वॉर्डभर एक तृप्त उसासा फिरला. तो उसासा ऐकला आणि रेल्डाच्या सहनशक्तीचा शेवटचा धागा तुटला. सभा संपताच ती सरळ बिशपकडे गेली, पर्समधला लिफाफा त्याच्या कोटाच्या खिशात खुपसला आणि म्हणाली, "उपास फळला म्हणून सांगा सगळ्यांना."

आर्विलाला ती आपल्या गाडीतून घरी सोडत असे. गावातला एकुलता एक सिग्नल ओलांडल्यावर म्हातारीने विचारले.

"दिलंस का पत्र?"

"दिलं."

"मग मला कोण नेसवणार?"

रेल्डाने गाडीचा वेग कमी केला. रागाच्या भरात तिला ते वचन आठवलेच नव्हते. मान्य करायला हवे होते. वळून परत जायला हवे होते. पण हयातभर इतरांच्या चुका लाल शाईने खुणावलेल्या बाईला स्वतःची चूक मागे घेता येत नाही. दुसऱ्याच्या अडाणीपणाचा तिला जेवढा तिटकारा होता, तेवढाच तिचा स्वतःचा ताठा तिच्यात मुरला होता. फरक एवढाच, की तिने त्याला शिक्षण असे नाव दिले होते.

"बुधवारी बोलू," ती म्हणाली.

बुधवारी कोको झाला, पण आर्विलाने रागावण्याचे कष्ट घेतले नाहीत.

"मग ट्विलाला शिकव," ती म्हणाली.

"तिला? तिला बुटाची नाडी बांधता येत नाही."

"तुला तरी कुठं येत होती? पहिल्या दिवशी तू मिसेस बार्टनला उजव्या बाजूनं गुंडाळायला निघाली होतीस. मी तुला हाकललं का?"

"आर्विला, ती बाई बोलायची थांबत नाही."

"बरंच आहे की. मेलेल्यांशी बोलायलाच लागतं."

रेल्डाने मान हलवली, ती होकाराची नव्हती. पुढच्या मंगळवारी सकाळी आर्विला ओल्डरॉइड खुर्चीत बसल्या बसल्या गेली. मांडीवर अर्धवट शिवलेली कॉलर होती आणि सुई बोटात होती.

फोन ट्विलाने केला. पहिल्यांदाच तिच्या आवाजात बक्षीस मिळाल्याचा सूर नव्हता. "शनिवारी दफन आहे. शुक्रवारी नेसवायचं. तू... येशील ना? बिशप म्हणतात, तुलाच विचार."

रेल्डा त्याच दिवशी ब्रॅडच्या दुकानात गेली. तो एका शेतकऱ्याला पाइपाचे तोंड दाखवत होता. शेतकरी गेल्यावर त्याने हात पुसले, बाहेर उभ्या पिकअप गाडीचे दार उघडले, आणि आसनासमोरच्या कप्प्यातून लिफाफा काढला. त्यावर सोड्याच्या ग्लासाचे गोल डाग होते. तो फोडलेला नव्हता.

"नऊ दिवस झाले, ब्रॅड," ती म्हणाली.

"सिस्टर, मी तुमची प्रयोगवही कधी वेळेवर दिली होती?"

"यात काय आहे ते तुला माहीत आहे."

"उघडला नाही तर माहीत कसं असेल?" तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "हवा तर परत घ्या. मी कोणाला काही बोलणार नाही."

हीच ती वेळ होती. लिफाफा घेतला की आर्विलाला नेसवता येईल, आणि मग रविवारचा तो बाक, ती खारी बिस्किटे, तो पाव, आणि तिच्या हसण्यावर पहारा देणारी दीडशे तोंडे, सगळे पुन्हा, मरेपर्यंत. लिफाफा तिथेच ठेवला तर आर्विलाच्या कमरेला टर्कीची गाठ. एका म्हातारीला दिलेल्या वचनासाठी उरलेले आयुष्य खोटे काढायचे, की खरे बोलण्यासाठी ते वचन मोडायचे, एवढाच प्रश्न होता. आणि एकोणतीस वर्षे उत्तरे तपासणाऱ्या रेल्डाला त्याचे उत्तर येत नव्हते.

"परत घेणार नाही," ती शेवटी म्हणाली. "घेतला तर ते खोटं होईल. आणि खोटं मनात ठेवून मी तिच्या अंगाला हात लावणार नाही."

ब्रॅडने लिफाफा उलटसुलट करून पाहिला. मग त्याने तो पुन्हा कप्प्यात टाकला आणि कप्पा गुडघ्याने बंद केला.

"या आठवड्यात माझ्याकडं फार काम आहे," तो म्हणाला. "लसूणघासाची कापणी आहे. टपाल मी सोमवारी बघेन. तोपर्यंत तुमचं नाव नोंदीत आहे, आणि मला तुम्ही जशा आहात तशाच माहीत आहात."

दोनदा नापास झालेल्या या पोराकडे रेल्डाने नीट पाहिले. त्याचा आळस आणि त्याचा चांगुलपणा यांतली सीमा तिला आजवर सापडली नव्हती, बहुधा ती नव्हतीच. आभार मानणे तिच्या जिवावर आले, म्हणून तिने मानले नाहीत.

शुक्रवारी अंत्यविधीगृहाच्या मागच्या खोलीत आर्विला पांढऱ्या चादरीखाली होती. ट्विला आधीच आलेली होती, केस बांधून, हातात काय करायचे ते न कळून. रेल्डाने नळ सोडला, पाणी कढत होईपर्यंत थांबली, आणि हात धरले.

"तूही धर," ती म्हणाली.

"कशाला?"

"तिला गार हात आवडत नाहीत."

ट्विलाने हात धरले. दोघींनी काम सुरू केले. अर्धे झाले तरी ट्विलाच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. ओठ घट्ट मिटून, डोळे वाहत ठेवून ती सांगितले तेवढे करत होती.

"बोल तिच्याशी," रेल्डा म्हणाली.

"काय बोलू?"

"इतर वेळी तोंड बंद नसतं तुझं. आता कोणता हात, ते सांग."

"सिस्टर ओल्डरॉइड," ट्विला म्हणाली, आणि आवाज फुटला, "आता उजवा हात."

कमरेच्या पट्ट्यापाशी रेल्डा बाजूला झाली. "गाठ तू बांध."

ट्विलाने बांधली. ती टर्कीचीच होती. रेल्डाने सोडली. "डावीकडे. चपटी. दोन्ही टोकं सारखी. खाली बोट घालून बघ, टोचतं का." ट्विलाने पुन्हा बांधली, रेल्डाने पुन्हा सोडली. तिसऱ्या वेळी रेल्डाने तिची बोटे धरून वळवली, जशी एकोणीस वर्षांपूर्वी आर्विलाने तिची वळवली होती, आणि तितक्याच तुसडेपणाने. चौथ्या वेळी गाठ पानासारखी चपटी बसली.

"पुढच्या वेळी तू माझ्यासोबत राहशील ना?" ट्विलाने विचारले. "म्हणजे मी चुकले तर."

"पुढच्या वेळी मी नसेन."

ट्विलाने त्या गाठीवरून बोट फिरवले. ती मूर्ख होती, पण इतकी नव्हती.

"आम्ही उपास केला म्हणून?"

"त्याच्या आधीपासून. पण उपासानं घाई झाली."

"मी खरंच उपाशी होते गं. पाणीसुद्धा नाही घेतलं."

"माहीत आहे मला. तेच तर."

ट्विलाला ते समजले नाही, आणि रेल्डाने समजावले नाही. ती म्हणाली, "तो मानेखालचा कपडा सरळ कर," आणि ट्विलाने तो सरळ केला. त्यानंतर आर्विलाशी ट्विलाच बोलत राहिली, थांबलीच नाही. मान, आता पाय, आता झालं सिस्टर, किती छान दिसता आहात. रेल्डाला ते ऐकवत नव्हते, आणि आर्विलाला त्याशिवाय दुसरे काय मिळणार होते, हेही तिला कळत होते.

शनिवारी दफनानंतर चर्चघरात चीज घातलेले बटाटे, डुकराच्या मांसाचे काप आणि किसलेले गाजर घातलेली हिरवी जेली मांडली होती. थेन सोरेन्सन भरलेली बशी घेऊन रेल्डाशेजारी बसला. "बघ, आज शांत दिसतेस," तो घास चावत म्हणाला. "मी म्हटलंच होतं बायकोला. उपास वाया नाही जायचा." रेल्डाने जेलीचा चमचा तोंडात घातला आणि त्याला त्याचे फळ घेऊ दिले. दोन वेळच्या जेवणाचा मोबदला म्हाताऱ्याला कुठेतरी मिळायला हवा होता.

सोमवारी ब्रॅडने लिफाफा फोडला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "मिळालं," तो म्हणाला. "पाठवतो." थोडे थांबून त्याने पुढे जोडले, "वेळेवर."

सप्टेंबरचा पहिला रविवार आला. रस्त्यापलीकडे चर्चघराच्या आवारात गाड्या लागल्या होत्या. आज उपास कोणासाठी होता, हे रेल्डाला ठाऊक नव्हते. तिला कळवावे अशा कोणत्याही यादीत आता ती नव्हती. ती सुखी होती का? बहुतेक नव्हती. घर रिकामे होते आणि बुधवार तर त्याहून रिकामे. पण आता त्याची चौकशी करणारे कोणी उरले नव्हते, आणि न विचारलेल्या दुःखात माणसाला पाय पसरता येतात. तिने तव्यावर लोणी टाकले, दोन अंडी फोडली, आणि फोन वाजला.

"रेल्डा, मी ट्विला. सॉरी, रविवारी करते आहे. सिस्टर हॅल्वर्सन पहाटे गेल्या. उद्या नेसवायचं आहे. नियमात बसतं की नाही विचारायचं, ते मला माहीत नाही, पण... डावीकडे ना?"

"डावीकडे."

"आणि चपटी."

"चपटी. बोट घालून बघ. आणि हात?"

"गरम. ते आहे लक्षात." ट्विला जराशी घुटमळली. "तुझ्यासाठी पाव करून—"

"नको," रेल्डा म्हणाली.

त्रेपन्न वर्षांत विद्यार्थ्यांखेरीज दुसऱ्या कोणाला म्हटलेले ते तिचे पहिले 'नको' होते. तिने फोन ठेवला तेव्हा अंडी कडांना काळी पडून कडक झाली होती. तिने ट्विला क्रिस्टेन्सनला, तिच्या पावाला आणि तिच्या सहा मुलांना सावकाश, व्याकरणशुद्ध शिव्या घातल्या, अंडी पाखरांना टाकली, आणि आणखी दोन फोडली.